रकाना १७ बद्दल: वधू-वर मेळावा समितीला एका आत्याचं खुलं पत्र

समितीतले सगळे काका, वहिनी आणि दादा लोक, नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. चहा घेऊन बसा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर दोन मिनिटांत वर सतरा गुड मॉर्निंग आले असते आणि विषय संपला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

यंदाच्या मेळाव्याचा नवीन फॉर्म आला, भाच्यासाठी. पूर्वी एक पान असायचं. नाव, गोत्र, नाडी, उंची, पगार, आणि खाली 'अपेक्षा' म्हणून दोन ओळी, त्यात सगळे 'अनुरूप' एवढंच लिहायचे. आता फॉर्मच चार पानांचा झालाय आणि पान ३ वर रकाना १७ आहे: 'मागील तीन पिढ्यांत तापट अथवा हिंसक स्वभाव, मारामारी, पोलीस केस असल्यास तपशील'. त्याच्याच पोटात १७ (ब): 'जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट असल्यास जोडावा (ऐच्छिक)'. ऐच्छिक म्हणे. आपल्यात ऐच्छिकचा अर्थ काय होतो ते मला सांगू नका, गणपतीची वर्गणी पण ऐच्छिकच असते.

हा रकाना कुठून आला तेही मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर ग्रुपवर तो फॉरवर्ड फिरला होता ना, 'वॉरियर जीन, लग्नाआधी तपासा, पोरीचं आयुष्य वाचवा', लाल अक्षरात. मग तयारीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं की आता सायन्सनंच सिद्ध केलंय, राग रक्तात असतो, आपले पूर्वज खानदान बघायचे ते काही मूर्ख नव्हते. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी आले नव्हते, गुडघा दुखत होता. आले असते तर हे पत्र वाचायची वेळ आली नसती तुमच्यावर.

आता आधी जे झालं ते सांगते, कारण त्याशिवाय तुम्हाला वाटेल ही बाई उगाच तत्त्वज्ञान झाडतेय. माझ्या भाच्याचं, म्हणजे दादाच्या मुलाचं, इंदूरच्या एका स्थळाशी जवळपास ठरलं होतं. पत्रिका जुळली, पोरं दोनदा भेटली, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आली, दोघांचे फोन रात्री बारापर्यंत चालायला लागले, म्हणजे आपण मोठ्यांनी फक्त साखरपुड्याची तारीख काढायची बाकी. आणि मग मुलीच्या मामांचा फोन. आवाज एकदम गोड. "ताई, मुलगा हिरा आहे हो, त्याच्याबद्दल शब्द नाही. पण तुमच्या घराण्यात रागाचं रक्त आहे असं कानावर आलं. आजोबांनी ऑफिसात कोणालातरी मारलं होतं ना? आजकाल त्याचा जीनच सापडलाय म्हणतात." झालं. ग्वाल्हेरची पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट इंदूरला पायी तर गेली नसेल, समितीतूनच कोणीतरी पोचवली. कोणी ते मी विचारत नाही, कळून करायचंय काय.

अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडलांबद्दल, मोहल्ल्यात जे बोलतात त्यात खोटं काही नाही. मी लपवणार पण नाही. १९७९ साली त्यांनी कचेरीत एका सहकाऱ्याच्या कानाखाली वाजवली, ठाण्यात जाऊन बसावं लागलं, तीन महिने सस्पेंड होते. घरी राग आला की ताट जायचं भिंतीवर. जमदग्नी म्हणायचे त्यांना गल्लीत, तोंडावर नाही अर्थात. आणि १९८१ मध्ये दादा अर्धवार्षिकला गणितात नापास झाला तेव्हा त्यांनी पाण्याचा पितळी तांब्या फेकून मारला, दादाच्या कानाजवळून गेला आणि भिंतीला लागला. मी दहा वर्षांची होते, दारामागे उभी. तो आवाज अजून आठवतो, आणि नंतर तांब्या गोल गोल फिरत राहिला फरशीवर तेही.

आईनं त्या तांब्याचा पोचा ठठेऱ्याकडून ठोकून घेतला नाही. रोज जेवताना अण्णांच्या ताटाशेजारी पाण्याला तोच ठेवायची, पोचा त्यांच्या बाजूला करून. एक शब्द बोलली नाही कधी. काही महिन्यांनी असं व्हायला लागलं की अण्णांचं डोकं तापलं की ते चपला घालून घराबाहेर पडायचे आणि महाराज बाड्याला चक्कर मारून यायचे. आम्ही पोरं मोजायचो, आज एक चक्कर, आज दोन. मुळ्ये मास्तरांनी, नाव बदललंय बरं का, दादाला दुसऱ्यांदा नापास केलं तेव्हा चार झाल्या होत्या. पण त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, त्यांनी कोणावर हात उचलला नाही.

अण्णांच्या पाठीवर जुने वळ होते, आंघोळीच्या वेळी दिसायचे. विचारलं की म्हणायचे झाडावरून पडलो. अण्णांचे वडील लवकर गेले होते आणि अण्णा चुलत्यांकडे वाढले, चुलते छत्रीच्या दांड्यानं मारायचे, हे आम्हाला अण्णा गेल्यावर तेराव्याला आत्याकडून कळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सायन्स. मी सत्तावीस वर्षं बारावीला बायोलॉजी शिकवली, समितीतल्या निम्म्या लोकांची पोरं माझ्या हाताखालून गेलीत, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

फॉरवर्डमधला तो जीन म्हणजे एमएओए. मोनोअमाइन ऑक्सिडेज ए नावाचं एन्झाइम तो बनवतो, आणि हे एन्झाइम मेंदूतलं सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन वगैरे वापरून झाल्यावर साफ करतं. नगरपालिकेची कचरागाडी समजा. गाडी आलीच नाही तर गल्लीचं जे होतं ते. आता हा जीन बसलाय कुठे? एक्स क्रोमोसोमवर. आणि एक्सचं बारावीच्या पोरालाही पाठ असतं: मुलाला एक्स मिळतो आईकडून, वडलांकडून मिळतो वाय. म्हणजे अण्णांकडून दादाला वाय गेला, एक्स गेलाच नाही. दादाकडून भाच्याला पुन्हा वायच. भाच्याकडे जो एक्स आहे तो त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, आणि वहिनी देवासच्या, त्यांच्या माहेरी तीन पिढ्यांत कोणी वर मान करून बोललेलं नाही. ज्या जीनची भीती घालून तुम्ही स्थळ मोडलंत तो जीन आजोबांकडून ह्या नातवाकडे येऊच शकत नाही हो. रस्ताच नाही.

अण्णांचा एक्स कोणाकडे आला माहितीये? माझ्याकडे. मुलीला वडलांचा एक्स मिळतोच, त्याला पर्याय नाही. तेव्हा समितीला कोणाला भ्यायचंच असेल तर मला भ्या. मी २००३ मध्ये वर्गात डस्टर फेकला होता, खिडकीची काच फुटली, प्रिन्सिपलनी पगारातून कापून घेतले. (आता ह्यावरून कोणी म्हणेल बघा, आलाच ना जीन. नाही हो. त्या दिवशी वर्गात सत्तर पोरं होती आणि लाईट नव्हती. शिवाय बायकांकडे दोन एक्स असतात, त्यामुळे आमचा हिशोब अजूनच गुंतागुंतीचा.)

पण मी असंही म्हणणार नाही की जीनचं सगळं थोतांड आहे. ते पण खोटं ठरेल. हॉलंडमधलं एक कुटुंब ह्या विषयात प्रसिद्ध आहे. १९७८ मध्ये एक बाई नायमेखेनच्या हॉस्पिटलमध्ये आली, म्हणाली आमच्याकडे पुरुषांमध्येच काहीतरी गडबड आहे, मला मुलं होण्याआधी कळायला हवं. तिच्या नात्यातल्या एका आजोबांनी १९६२ मध्येच वंशावळ काढून ठेवली होती, त्यात असे नऊ पुरुष. बुद्धीनं थोडे मंद, आणि छोट्याशा कारणावरून भडका. एकानं संस्थेतल्या वॉर्डनला दाताळ्यानं भोसकलं होतं, एकानं साहेब कामावरून बोलले म्हणून त्यांच्या अंगावर गाडी घालायचा प्रयत्न केला, दोघं आगी लावायचे. हान ब्रुनर नावाच्या डॉक्टरांनी शोध लावला, १९९३ मध्ये 'सायन्स' ह्या शोधपत्रिकेत छापून आलं: त्या पुरुषांच्या एमएओए जीनमध्ये एका अक्षराची चूक होती, त्यामुळे एन्झाइम अर्धवट बनून वाया जायचं. कचरागाडी कधीच येत नाही, असं. बायका मात्र ठणठणीत, कारण त्यांच्याकडे दुसरा एक्स होता.

हा खरा आजार आहे आणि इतका दुर्मिळ की त्यानंतर जगात अशी मोजकीच कुटुंबं सापडली. आणि ब्रुनर स्वतःच सांगत राहिले की ह्याला 'आक्रमकतेचा जीन' म्हणू नका. तुमच्या फॉरवर्डमध्ये जो आहे तो हा नाहीच. तो आहे त्याच जीनच्या स्विचमधला एक साधा फरक, एका तुकड्याची आवृत्ती कोणाकडे तीनदा, कोणाकडे चारदा. तीनवाल्यांचं एन्झाइम थोडं कमी बनतं. गाडी येते, एक दिवसाआड येते म्हणा. आणि अशी माणसं किती? न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांना जन्मापासून मोठं होईपर्यंत तपासत राहिलेत, त्यातल्या ज्या ४४२ मुलग्यांचा हा जीन बघितला त्यात तीनात एकाहून जास्त जण कमीवाले निघाले. तेवढंच प्रमाण आपल्या समितीत धरलं तर नऊ पुरुष सदस्यांपैकी तीन. कोण कोण ते आपापसात ठरवून घ्या.

ड्युनेडिनचा अभ्यास मात्र नीट वाचण्यासारखा आहे, मी दर वर्षी पोरांना सिलॅबसबाहेर जाऊन सांगायचे. अव्शालोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट ह्यांच्या टीमनं २००२ मध्ये मांडला. त्यांनी विचारलं, लहानपणी मार खाल्लेली, हाल झालेली सगळीच मुलं मोठेपणी हिंसक का होत नाहीत? उत्तर आलं असं: ज्यांचा जीन कमीवाला आणि लहानपणी हाल पण झाले, ती मुलं गटात फक्त १२ टक्के होती पण हिंसेच्या गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर. मोठा आकडा आहे, मान्य. पण आता दुसरी बाजू बघा, जी फॉरवर्डमध्ये कोणी टाकत नाही. जीन कमीवाला, पण घरी प्रेमानं वाढवलेलं? काहीच नाही. बाकीच्यांसारखीच मुलं, काडीचा फरक नाही. त्या एकट्या जीननं एकालाही गुंड केलं नाही. पुढे कोणाला हे सापडलं, कोणाला नाही, वाद चालले, मग २०१४ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पुरुषांपुरतं हे जीन आणि हाल ह्यांचं जोडीचं गणित साधारण टिकलं.

म्हणजे विचारायचंच असेल तर रकाना असा हवा: 'लहानपणी ह्याला कोणी छत्रीच्या दांड्यानं मारलं का?' छापाल? नाही छापणार, कारण मग अर्ध्या समाजाचा फॉर्म भरता येणार नाही. आपल्याकडे तर 'छडी लागे छमछम' कौतुकानं म्हणतात.

आणि बाकीचे जीन? आहेत ना. जुळ्या भावंडांचे, दत्तक मुलांचे कितीतरी अभ्यास झालेत, ५१ अभ्यासांची २००२ मध्ये एकत्र मांडणी झाली, त्यात निघालं की समाजविघातक वागण्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण ४० टक्के वाटा आनुवंशिक. उरलेला घर, शाळा, दोस्त, दारू, नशीब. पण हे ४० टक्के एका जीनचे नाहीत हो, असंख्य जीनचे कण कण आहेत, कोणाचा धक्का इकडे कोणाचा तिकडे, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. त्यात हा आकडा लोकसंख्येतल्या फरकाचा आहे, एका माणसाचा नाही. 'हा मुलगा ४० टक्के रागीट' असं वाक्यच होत नाही. पोरांची ही चूक मी दर वर्षी पेपरात कापायचे.

डेन्मार्कमध्ये १४ हजारांहून जास्त दत्तक मुलांची नोंद काढली होती, १९८४ मध्ये छापली. जन्मदात्या आईबापाला शिक्षा झालेली असेल तर मुलाला शिक्षा व्हायची शक्यता वाढलेली दिसली, १३.५ टक्क्यांवरून २० टक्के. म्हणजे तरीही शंभरातले ऐंशी सरळ. आणि गंमत म्हणजे हे नातं दिसलं चोरी-मालमत्तेच्या गुन्ह्यांत. हिंसेच्या गुन्ह्यांत दिसलंच नाही. आता काय करायचं, रकाना १७ मध्ये 'आजोबांनी चोरी केली का' विचारायचं? नका विचारू, प्लीज, मी आयडिया देतेय असं होईल.

अशी गडबड पहिल्यांदा होत नाहीये. १९६५ मध्ये स्कॉटलंडच्या एका कोठडीवजा हॉस्पिटलात जास्तीचा वाय असलेले, एक्सवायवाय, पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त सापडले आणि बोंब उठली की गुन्हेगारीचा क्रोमोसोम मिळाला. पुढच्याच वर्षी शिकागोत रिचर्ड स्पेकनं आठ शिकाऊ नर्सेसचे खून केले, पेपरांनी छापलं तो एक्सवायवाय. तपासलं तर निघाला साधा एक्सवाय, तुमच्या घरच्या पुरुषांसारखा. पण तोवर शाळेच्या पुस्तकांत सुद्धा गेलं होतं. हजारात एक मुलगा एक्सवायवाय असतो, उंचीला जरा जास्त, बहुतेकांना स्वतःलाही माहीत नसतं. आणि हा एमएओए कोर्टात पण जाऊन आलाय. २००९ मध्ये इटलीत त्रिएस्तेच्या अपील कोर्टानं एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली, त्याच्या जीनचा रिपोर्ट बघून. म्हणजे तिकडे कोर्टात खून करणाऱ्याला सूट मिळते, आणि इकडे आमच्या पोराला, ज्यानं झुरळ मारायला सुद्धा आईला बोलावलंय, स्थळ मिळत नाही.

आता मला जे खरं लागलं ते. आपण ग्वाल्हेरचे लोक, आपल्याला तरी हे कळायला हवं होतं. भिंड-मुरैना इथून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून ऐकतोय, चंबळचं पाणीच असं, तिथला माणूस बंदूक घेऊनच जन्मतो. १९६० मध्ये विनोबा त्या बीहडांतून, म्हणजे तिथल्या दऱ्याखोऱ्यांतून, चालत गेले आणि काही डाकूंनी शस्त्रं ठेवली, मग एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर शेकडोंनी ठेवली. मोहर सिंग, माधो सिंग सगळे. मोहर सिंगच्या नावावर किती खून आणि अपहरणं होती ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. शिक्षा भोगून आला, मेहगावला राहिला, तिथल्या नगरपालिकेचा अध्यक्ष झाला, २०२० मध्ये म्हातारपणानं घरी वारला. रक्त बदललं होतं का त्याचं जौऱ्याच्या मैदानात? पाणी तर तेच प्यायचा.

आणि रक्तावर गुन्हा लिहायचा कायदा आपल्या देशात होऊन गेलाय हो. १८७१ चा, क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कंजर, सांसी, किती नावं. पोर जन्मलं की गुन्हेगार. हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना, सोलापूरला तर काटेरी तारांच्या कुंपणात वस्ती. १९५२ मध्ये कायदा गेला, पण सवय गेली नाही. आपल्या मध्यप्रदेशच्या १९८७ च्या जेल मॅन्युअलमध्ये सोय होती की विमुक्त जातीचा, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जातींतला, माणूस सराईत गुन्हेगार नसला तरी त्याला सराईत धरता येईल! १९८७, म्हणजे मी शाळेत होते तेव्हाचं. सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला हे असले नियम रद्द केले, सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंच्या याचिकेवर. तुमचा रकाना १७ बघितला तेव्हा मला पहिलं हेच आठवलं. आकारानं छोटा आहे, पण अक्कल तीच. मुलानं काय केलं विचारायचं नाही, कोणाचा ते विचारायचं.

सेक्रेटरी काका म्हणतील, खाण तशी माती, म्हणी उगाच होत नाहीत. काका, तुम्ही स्वतः गाणं ऐकणारे. आपल्या गावात घराणं शब्दाचा अर्थ काय? हद्दू-हस्सू खाँसाहेबांचं गाणं वासुदेवबुवा जोशांकडे गेलं, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, ते घेऊन बुवा खाली मिरजेला गेले आणि त्यातून विष्णु दिगंबर झाले. ह्यात गुरू-शिष्यांमध्ये रक्ताचं नातं दाखवा एक. इथे शंकर पंडितांना तालीम दिली निसार हुसेन खाँसाहेबांनी. गळा देवानं दिलेला असतो, मी नाही म्हणत नाही, पण नुसत्या गळ्यावर ग्वाल्हेरचा एकही ख्याल उभा राहिला नाही. राग पण तसाच आहे, दोन्ही अर्थानं. माझ्या दादाला अण्णांकडून काय तालीम मिळाली? चपला घालून बाड्याला चक्कर मारायची. तो आजही तेच करतो. भाचा पण. परवा स्थळ मोडल्याचा फोन आला तर भाचा काही बोलला नाही, शूज घातले आणि गेला. अडीच तासांनी आला. पायी किल्ल्यापर्यंत जाऊन आला होता. येताना आईसाठी गजक.

बरं, आता मुलीच्या आईची बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका, मी पण बाई आहे, आणि मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी पडलेल्या तीन विद्यार्थिनी मला नावानिशी ठाऊक आहेत. एकीचा तर बारावीचा प्रॅक्टिकलचा जर्नल अजून माझ्याकडे आहे, ती न्यायला आलीच नाही. मुलीकडच्यांना विचारायचा पूर्ण हक्क आहे. विचाराच. पण ह्या मुलाबद्दल विचारा. त्यानं कधी कोणावर हात उचललाय का, त्याच्यावर स्वतःवर केस आहे का, पितो का आणि प्यायल्यावर कसा असतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं, बंद मुठीतला राग दारूनं उघडतो. फिनलंडमध्ये एक जीनचा फरक सापडलाय, एचटीआर२बी नावाचा, २०१० चा शोध, त्यातल्या माणसांचे गुन्हे पण बहुतेक प्यायलेल्या अवस्थेतलेच होते आणि तोच फरक घेऊन एक लाखाहून जास्त फिनिश लोक निवांत संसार करतायत. मग शेजाऱ्यांना विचारा. त्याच्या ऑफिसातल्या शिपायाला विचारा, साहेबाला नको. त्याला उपाशीपोटी भेटा, ट्रेन तीन तास लेट असताना भेटा, आई दुसऱ्यांदा तेच विचारते तेव्हा तो कसा उत्तर देतो ते कान देऊन ऐका. पन्नास रुपयांची चौकशी आहे ही, हजारोंच्या थुंकीच्या टेस्टपेक्षा पक्की.

आणि १७ (ब) चं एक लक्षात घ्या. आज तुम्ही रागाचा रिपोर्ट मागितलात, तो रिपोर्ट कोणाच्या कपाटात राहणार? खजिनदार वहिनींच्या? त्यांच्या कपाटातून गेल्या वर्षी लोकांच्या पगाराच्या स्लिपा पूर्ण मोहल्ल्याला कळल्या होत्या, वहिनी रागावू नका, खरं आहे ते. आणि तो रिपोर्ट एकट्या मुलाचा नसतो. त्यात त्याची आई आली, बहीण आली, उद्या होणारी पोरं आली. त्यांना कोणी विचारलंय?

माझं मागणं मोठं नाही. १७ आणि १७ (ब) दोन्ही काढा, मेळाव्याच्या आधी, नवीन पान छापायचा खर्च मी देते, लेखी देते. जे फॉर्म भरून आलेत त्यातलं पान ३ ज्याचं त्याला परत करा, फोटो काढून न ठेवता. आणि समितीतल्या ज्या कोणी इंदूरला फोन केला होता त्यांनी अजून एक फोन करायचा आहे, एक्स आणि वायचं जे मी वर लिहिलंय तेवढंच सांगायचं. समजलं नसेल तर माझ्याकडे या, फळ्यावर काढून दाखवते, चहा पाजते. लग्न जमेल न जमेल, तो त्या दोघांचा प्रश्न, रात्री बाराचे फोन अजून चालू आहेत असं मला वरच्या खोलीतून ऐकू येतं.

तोवर भाच्याचा फॉर्म मी भरून जोडलाय. रकाना १७ रिकामा सोडला असता तर तुम्ही म्हणाला असता लपवतात, म्हणून लिहिलंय: 'आजोबांनी १९८१ मध्ये एक तांब्या फेकला. तांब्या आमच्याकडे आहे, पोच्यासकट, रोज तुळशीला पाणी घालतो त्यानं. बघायचा असल्यास सकाळी आठच्या आत यावे.'

तुमचीच,
एक आत्या
लष्कर, ग्वाल्हेर